अ‍ॅडॅप्टर तापतो, पण नेमका कुठे?

(धुळ्यात उन्हाळ्याच्या तोंडावर विद्यार्थी-पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, दुरुस्तीच्या टेबलावर लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर ठेवणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो: ‘दादा, हाई इतलं काबर तपस?’ मी उलट विचारतो, तापतो कुठे? डबीला, पिनेला, का वायरीच्या मानेला? डबी तापणं हे त्याच्या कामातच आलं. बाकीच्या दोन जागा तापल्या तर मात्र काहीतरी बिनसलंय.

आधी डबी घेऊ. भिंतीतून येते २३० व्होल्टची एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज; लॅपटॉपला लागते १९-२० व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. डबीत शिरल्या शिरल्या एसीची डीसी होते, तीही सव्वातीनशे व्होल्टची. मग मॉसफेट नावाचा एक इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, बोटाच्या पेराएवढ्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून ती खाली उतरते आणि पुन्हा सरळ होऊन बाहेर पडते. प्रत्येक टप्प्यावर थोडं थोडं गळतं. ६५ वॉटचा चांगला अ‍ॅडॅप्टर पूर्ण लोडवर ८८ टक्के कार्यक्षम धरला, तर तो बोर्डातून ७४ वॉट ओढतो आणि ६५ पुढे देतो. उरलेल्या ९ वॉटची उष्णता होते. नऊ वॉट म्हणजे फार नाहीत हो, पण डबीला ना पंखा, ना जाळी. सगळं प्लास्टिकच्या पृष्ठभागातूनच बाहेर जायचं, आणि त्यासाठी तो पृष्ठभाग खोलीतल्या हवेपेक्षा गरम असावाच लागतो.

इथे आपला खान्देश आडवा येतो. समजा, डबी हवेपेक्षा २५-३० अंशांनी वर जाते. थंडीच्या दिवसांत खोलीत २५ असले तर ती पन्नास-पंचावन्नवर थांबते, हात लावता येतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला टेकतो, आणि तो सावलीतला पारा! पत्र्याच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. मग तीच डबी सत्तरच्या पुढे जाते आणि आपण म्हणतो बिघडली. बिघडलेलं काही नसतं. बहुतेक अ‍ॅडॅप्टर ४० अंशांपर्यंतची हवा धरून बनवलेले असतात, आपण ती मर्यादा सकाळी अकरालाच ओलांडतो. जाड मातीच्या छताच्या, म्हणजे धाब्याच्या घरात राहणाऱ्यांचे अ‍ॅडॅप्टर जास्त टिकत असतील, असं मला आपलं वाटतं. मोजलेलं नाही.

टिकण्याचा प्रश्न खरा आहे. आत इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा भाग असतो, त्यात द्रव असतो, तो उष्णतेनं हळूहळू सुकतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून आपल्याकडे अ‍ॅडॅप्टर लवकर जातात. त्यातून संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या, व्होल्टेज १६० वर आलं, तरी अ‍ॅडॅप्टर चालतोच, कारण तो १०० ते २४० व्होल्टवर चालेल असाच बनवलेला असतो. पण तेवढीच वीज कमी व्होल्टेजवर ओढायची तर करंट दीडपटीच्या आसपास वाढतो आणि आत येणाऱ्या बाजूच्या तारा-भागांतली उष्णता दुपटीवर जाते.

सगळ्यात जास्त तापतो तो बॅटरी अगदी उतरलेली असताना आणि वर लॅपटॉपवर काम चालू असताना. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की करंट आपोआप कमी होत जातो. म्हणून उन्हाळ्यात उतरलेली बॅटरी भर दुपारी लावू नका, सकाळी सहाला लावा. आणि काहीही करा, डबी गादीवर, उशीखाली, गोधडीत ठेवू नका. भरिताचं वांगं निखाऱ्यात पुरावं तसं होतं ते. फरशीवर, मोकळी ठेवा. ओला रुमाल गुंडाळणारे महाभागही मी पाहिलेत. आत सव्वातीनशे व्होल्ट आहेत, हे त्यांना सांगावं लागतं. कूलरच्या तोंडासमोर ठेवणारेही त्यांच्यातलेच, कूलरच्या वाऱ्यात तुषार असतात.

चांगल्या अ‍ॅडॅप्टरला स्वतःची काळजी कळते. फार तापला की तो बंद पडतो, निवल्यावर पुन्हा चालू होतो. दुपारी चार्जिंग थांबून तासाभरानं आपोआप सुरू झालं, तर घाबरू नका, त्याला सावलीत न्या.

आता दुखणी. वायर डबीतून निघते तिथे, मानेजवळ, रोज गुंडाळून गुंडाळून आतल्या बारीक तारा तुटतात. एकोणीस व्होल्टवर ६५ वॉट म्हणजे जवळजवळ साडेतीन अँपिअर. ते सगळे उरलेल्या चार-पाच तारांतून जाऊ लागले की नेमकी तेवढीच जागा पोळते, वरचं रबर मऊ होऊन चिकट लागतं. मान हलवली की चार्जिंगचा दिवा लुकलुकतो. तीच गोष्ट लॅपटॉपच्या पिनेची: सैल बसली की टोक काळवंडतं. आणि तिसरं, भिंतीतला बोर्ड. थ्री-पिन ढिली बसते, आत चर्रचर्र आवाज येतो, पिन काढली की पितळ हाताला पोळतं. लोक अ‍ॅडॅप्टर बदलतात आणि बोर्ड तोच ठेवतात! जळका वास आला, प्लास्टिक फुगलं किंवा रंग बदलला, तर मात्र बटण बंद करून आधी पिन काढा.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. ‘४५ वॉटचा घरात पडून आहे, ६५ च्या लॅपटॉपला चालेल का?’ चालला तरी सारखा पूर्ण लोडवर राबेल आणि आणखी तापेल. उलट व्होल्टेज आणि पिन तीच असेल, तर जास्त वॉटचा लावायला हरकत नाही, लॅपटॉप लागेल तेवढंच घेतो. मात्र काही कंपन्यांचे लॅपटॉप ओळख पटली नाही तर चार्जिंगच घेत नाहीत.

दुसरी चिठ्ठी स्वस्त डुप्लिकेटबद्दल. त्यावर ६५ वॉट छापलेलं असतं, पण आतला ट्रान्सफॉर्मर लहान, कॅपॅसिटर हलका, आणि तापल्यावर बंद होण्याची सोय बहुधा गायब. घेताना वजन हातात तोलून बघा, बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि त्याखालचा आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो क्रमांक बीआयएसच्या मोबाइल अ‍ॅपवर घालून दुकानातच तपासता येतो. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.