डाय (रंग) न टाकता डीएनए बघायचाय? आधी हा सेलोटेप बघा

हे बघा, माझ्या हातात पोलरायझरच्या, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या, दोन फिल्म आहेत, भंगारातल्या कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनवरून सोलल्यात. एकीवर दुसरी आडवी धरली की काळंकुट्ट. आता मधे हा सेलोटेप सरकवतो... उजळला ना? रंग लावला नाही काही नाही, फक्त त्याच्यातले लांबलचक रेणू एका दिशेला ओढले गेलेत, म्हणून.

डीएनएचं पण असंच. त्याचे बेस चपटे, नाण्यांच्या चळतीसारखे एकावर एक, दोघांत ०.३४ नॅनोमीटर अंतर, त्यामुळे धाग्याला आडवा कंप पावणारा प्रकाश जास्त हळू जातो आणि उभा त्यामानाने लवकर सटकतो. दिशेनुसार वेग बदलण्याचा हा गुण म्हणजेच बायरेफ्रिंजन्स, आणि उभा प्रकाश लवकर जातो म्हणून डीएनएचा निगेटिव्ह.

मग मायक्रोस्कोपखाली अशा दोन फिल्मच्या मधे कुठलंही न्यूक्लियस (पेशीचं केंद्रक, जिथे डीएनए असतो) ठेवलं की चमकेल? अजिबात नाही! साध्या पेशीत धागे सगळ्या दिशांना गुंतलेले, एकाचा परिणाम दुसरा खाऊन टाकतो. म्हणजे अंधार दिसला तर डीएनए नाही असं नसतं, तो शिस्तीत नाहीये एवढंच. शिस्त असते शुक्राणूच्या डोक्यात. शिन्या इनोए आणि हिदेमी सातो या शास्त्रज्ञांनी १९६२ साली गुहेत राहणाऱ्या रातकिड्याच्या जिवंत शुक्राणूत डीएनएची मांडणी अशीच तपासली, डाय न टाकता. हे इनोए म्हणजे भारी माणूस, महायुद्धानंतरच्या जपानमध्ये त्यांनी मशीनगनच्या स्टँडवर मायक्रोस्कोप उभा केला आणि दिव्याला कव्हर काय, तर चहाचा डबा!

पण चमकलं ते सगळं डीएनए नव्हे हां. पेशी विभागताना क्रोमोसोम ओढणारे स्पिंडलचे तंतू पण उजळतात, फक्त ते पॉझिटिव्ह, म्हणजे डीएनएच्या उलट. ओळखायला मधे रेड प्लेट नावाची, स्वतःच बायरेफ्रिंजंट असलेली पट्टी टाकतात, प्लेटच्या स्लो अ‍ॅक्सिसला (ज्या दिशेत कंप पावणारा प्रकाश तिच्यातून हळू जातो) समांतर असलेला डीएनएचा धागा पिवळा दिसतो, आडवा केला की निळा. गाऊट या सांधेदुखीतले युरेटचे (युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे) स्फटिक लॅबवाले याच पिवळ्या-निळ्यावरून ओळखतात.

स्वतः करणार असाल तर स्टेज (मायक्रोस्कोपची नमुना ठेवायची तबकडी) फिरवत रहा, कारण ठराविक कोनात चमकणारी गोष्टसुद्धा विझते, ४५ अंश फिरवलं की परत येते. आणि प्लॅस्टिकची डिश नको, काचच घ्या. मी पहिल्यांदा प्लॅस्टिक वापरलं, काय मस्त चमक आली, मित्रांना फोटो पण पाठवले, आणि मग पेशी काढून रिकामी डिश ठेवली तर ती पण तेवढीच चमकत होती.