पहिलं अर्धं मिनिट

नमस्कार श्रोतेहो. भोसरीच्या एमआयडीसीत माझी बत्तीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अठरा प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून. मला विषय दिलाय 'सकारात्मक नेतृत्व आणि त्याचा पाया'. हे शब्द कानावर पडले की मला कॉन्फरन्स रूममधलं सूर्योदयाचं पोस्टर दिसतं. म्हणून आधी सदतीस शाफ्टची गोष्ट सांगतो.

पंचवीस मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, म्हणजे यंत्रातला गोल दांडा. त्यावर तेरा मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या तेरा हजारांशांची मुभा, तीही फक्त खालच्या बाजूला. ग्राइंडिंगमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावर घासून माप आणताना, जॉब (हातातला नग) ओव्हरसाइज राहिला तर पुन्हा घासता येतो. अंडरसाइज झाला की थेट भंगारात. एका सकाळी हाउसकीपिंगच्या बाईंना तेलाच्या पिंपामागे, कॉटन वेस्टच्या ढिगाखाली सदतीस शाफ्ट सापडले. सगळे अंडरसाइज. रात्रपाळीच्या पोरानं व्हीलचं ड्रेसिंग केल्यावर, म्हणजे घासणारं चाक तासून ताजं केल्यावर, ऑफसेट (झिजेपोटी चाक किती पुढे घ्यायचं तो आकडा) चुकून दोनदा दिला होता. चूक साधी, कुणाच्याही हातून होईल अशी. पण त्यानं ती झाकली. मशीन होतं तसंच राहिलं, आणि पहिल्या पाळीनं त्याच सेटिंगवर आणखी माल काढला. त्यातला काही चाकणला गिऱ्हाइकाकडे पोचलासुद्धा.

मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. "अरे, सांगितलं का नाहीस?" तो खाली बघत म्हणाला, "साहेब, मागच्या आठवड्यात त्याला बोललात ना, सगळ्यांसमोर."

'त्याला' म्हणजे शेजारच्या मशीनवरच्या ऑपरेटरला. चार जॉब गेले म्हणून मी त्याला भर शॉपफ्लोअरवर झापलं होतं. मी ते विसरूनही गेलो होतो. विसरला नव्हता तो हा पोरगा.

मानसशास्त्रज्ञ बार्बरा फ्रेडरिकसन यांनी 1998 मध्ये जे मांडलं, ते मी फार उशिरा वाचलं. मन प्रसन्न असलं की माणसाला जास्त वाटा सुचतात, आणि घाबरलेल्या माणसाची नजर एका बिंदूवर येते, असा त्याचा मथितार्थ. आमच्या पोराला त्या रात्री दिसला फक्त तो पिंप. मशीनचा ऑफसेट तपासायचं त्याला सुचणार तरी कसं?

दुसरं उदाहरण संशोधक एमी एडमंडसन यांचं. 1990च्या दशकात त्यांनी इस्पितळांतल्या नर्सिंगच्या टीम अभ्यासल्या. चांगल्या टीमकडून औषधांच्या चुका कमी होत असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे निघाले उलटे. चांगल्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिथली माणसं चुका जास्त करत नसावीत, मोकळेपणानं सांगत असावीत. रिजेक्शनचा, म्हणजे बाद मालाचा, रिपोर्ट कोरा आला की मी पूर्वी खूश व्हायचो. आता सांगायलाही लाज वाटते.

मिशिगन विद्यापीठाचे किम कॅमेरॉन सकारात्मक नेतृत्वाबद्दल बोलताना वातावरण, नाती, संवाद आणि कामाचा अर्थ या चार गोष्टी धरतात. अडचणींकडे डोळेझाक करा, असं ते कुठेही म्हणत नाहीत. मला स्वतःला मात्र चारही गोष्टी एकाच ठिकाणी अडकलेल्या दिसल्या: वाईट बातमी कानावर पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात. तेवढ्यात साहेबाचा चेहरा काय करतो, तोंडातून पहिलं वाक्य कोणतं निघतं, यावरून माणसं पुढच्या वर्षभराचा हिशेब मांडतात.

मग मी खिशात एक छोटी वही ठेवायला लागलो. कुणी वाईट बातमी आणली की माझं पहिलं वाक्य त्यात लिहायचं, बाकी काही नाही. पहिल्या महिन्यातली पानं वाचवत नव्हती. "कोण होतं मशीनवर?" हे वाक्य तर पानोपानी. त्याऐवजी "मशीन थांबवलंय ना?" यायला लागायला वर्ष गेलं. जिभेला वळण लावणं हे ग्राइंडिंगपेक्षा किचकट काम आहे. झोप अपुरी झाली असेल तर वही जास्त भरते, हेही कळलं. गुरुवारी सुट्टी, म्हणून बुधवारी संध्याकाळी सगळ्यात जास्त चिडचिड. बाकी कारणांचा पाढा वाचत नाही.

याच मिशिगनकरांचा एक प्रयोगही मी करून पाहिला. आपल्याला ओळखणाऱ्या दहा-वीस जणांना विचारायचं: मी माझ्या सर्वोत्तम रूपात कधी दिसलो, एखादा प्रसंग सांगा. आता पुण्यात कौतुक मागणं म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. "बरं चाललंय की" यापुढे गाडी सरकत नाही. एकानं विचारलं, "साहेब, रिटायर होताय का?" पण आमच्या स्टोअरचे मामा दोन दिवस विचार करून आले. म्हणाले, "तुम्ही खडूनं फरशीवर ड्रॉइंग काढून पोरांना समजावता ना, तेव्हा तुम्ही बरे असता. केबिनमध्ये नाही."

मी स्वतःला शिस्तीचा माणूस समजत होतो. मामांना दिसला होता शिकवणारा. त्यानंतर सकाळची रिजेक्शनची मीटिंग मी केबिनमधून काढली आणि मशीनपाशी नेली, हातात खडू घेऊन. तो सदतीस शाफ्टवाला पोरगा पहिले काही दिवस मागे उभा राहायचा. एक दिवस त्यानं माझ्या हातातून खडू घेतला, फरशीवर व्हील काढलं, आणि ड्रेसिंगनंतर ऑफसेट कुठे दोनदा पडू शकतो ते बाकीच्यांना दाखवलं. मग ड्रेसिंग झालं की लगेच पाटीवर खूण करायची, हीही त्याचीच सूचना. त्या पाटीला पंचाहत्तर रुपये लागले.

वही अजून घरी आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षात 'ओरडलो' अशा अकरा नोंदी आहेत. त्यातल्या दोन एकाच दिवसाच्या. त्या दिवशी कंप्रेसर बंद पडला होता आणि वीजही गेली होती. नमस्कार.