वजन तर ठीक आहे

(दृश्य: सकाळची नवी पेठ. अभ्यासिकेच्या दारात दाटीने लावलेल्या दुचाकी. टपरीवर चहा.)

नवी पेठ, सदाशिव पेठ. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींचा हा इलाखा. खोलीचं भाडं, अभ्यासिकेची फी आणि मेस, एवढ्यावर इथला महिना चालतो. त्यात कात्री लावता येते ती मेसलाच. एक वेळचा डबा बंद केला, तर पैशांची ओढाताण असेल असं धरून कुणी काही विचारत नाही. बहुतेकदा तसंच असतंही.

आपल्या गोष्टीतल्या मुलीचं तसं नाही. ही मुलगी आम्ही रचलेली आहे, हे आधीच सांगते. तिला जे होतंय ते रचलेलं नाही.

गावी असताना ती अंगाने भरलेली होती. पुण्यात आल्यावर आधी भात सुटला, मग रात्रीची पोळी. सकाळी हनुमान टेकडी, संध्याकाळी पुन्हा टेकडी. काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरलं. दिवाळीत घरी गेली तर आत्या म्हणाली, "किती छान बारीक झालीस गं! काय केलंस, आम्हालाही सांग."

तोवर पाळी चुकायला लागली होती. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. खोलीतल्या मुली पंखा लावायच्या तेव्हा ही चादर घेऊन बसायची. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, तक्ता पाहिला. वजन उंचीला अगदी बरोबर. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि टेन्शन घेऊ नकोस म्हणाले.

(दृश्य: वजनकाट्याचा काटा. मग जाडजूड वैद्यकीय ग्रंथाची पानं.)

अनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने स्वतःला उपाशी ठेवण्याचा आजार. हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी 1873 च्या सुमारास रूढ केलं. बुलिमिया नर्व्होसाचं, म्हणजे भरमसाट खाऊन मग ओकून वगैरे टाकण्याच्या आजाराचं, वर्णन जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये केलं. तेव्हापासून खाण्याचा आजार म्हटलं की डोळ्यांपुढे हाडांचा सापळा झालेली मुलगी येते. पण पेशंट त्या साच्यात बसेनात. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या डीएसएम या वर्गीकरणात अशांसाठी एक 'बाकीचे' असा रकाना होता, आणि बाह्यरुग्ण विभागांत सगळ्यात जास्त निदानं त्याच रकान्यात पडत होती. म्हणजे अपवादच नियमापेक्षा मोठा.

2013 मध्ये डीएसएमची पाचवी आवृत्ती आली. रेषा सरकल्या. बुलिमियासाठी आधी हे खाणं-ओकणं आठवड्यातून दोनदा, तीन महिने, अशी अट होती. ती आठवड्यातून एकदा झाली. अनोरेक्सियासाठी पाळी बंद असण्याची अट गेली. कालपर्यंत 'बाकीच्यांत' असलेले कितीतरी जण स्वतः तसूभरही न बदलता नावाच्या आजारात आले. तरीही एक रकाना उरलाच: 'इतर निर्देशित' आजार. आपली मुलगी त्यात बसते. तिच्या आजाराला अटिपिकल अनोरेक्सिया म्हणतात. वजन वाढण्याची भीती तीच, उपासमार तीच, फक्त वजन 'नॉर्मल' किंवा त्याहून जास्त. शरीराला मात्र तक्ता कळत नाही. वजन झपाट्याने उतरलं की नाडी मंदावते, उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतो. काट्यावरचा आकडा चांगला दिसत असताना हे सगळं होतं.

याच रकान्यात आणखीही माणसं आहेत. भरमसाट न खाताही ओकून टाकणारी. किंवा रात्री झोपेतून उठून खाणारी; हा नाइट ईटिंग सिंड्रोम अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1955 मध्येच मांडला होता. वारंवार ओकल्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रकाना 'इतर' आहे म्हणून धोका दुय्यम ठरत नाही.

(दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर भिजवलेला साबुदाणा.)

आणि मग आपले उपास. संकष्टी, एकादशी, गुरुवार, श्रावणी सोमवार. उपास म्हणजे आजार, असं कुणी म्हणत नाहीये. संकष्टीला चंद्रोदय झाला की आजी मोदकावर तुपाची धार धरते आणि मनापासून जेवते. या मुलीचा चंद्र उगवतच नाही. गुरुवारला शनिवार जोडला जातो, मग आणखी एखादा वार, आणि घरात कौतुक होतं की मुलगी किती धार्मिक!

शिवाय प्रत्येकाला जाडीची भीती बोलून दाखवता येतेच असं नाही. हाँगकाँगमध्ये मनोविकारतज्ज्ञ सिंग ली यांना असे अनोरेक्सियाचे रुग्ण भेटले, जे म्हणत होते, पोट फुगतं, भूकच नाही. आपल्याकडे हेच वाक्य 'पित्त होतं' म्हणून येतं आणि पित्ताच्या गोळीवर मिटतं.

(दृश्य: दवाखान्याची प्रतीक्षा खोली. आई आणि मुलगी.)

उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ मिळून ते करतात, घरच्यांना सोबत घेऊन. फार दिवस उपाशी राहिलेल्याला एकदम भरपेट खायला घालणंही धोक्याचं असतं, म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची. दवाखान्यात गेलात तर फक्त आजचं वजन सांगू नका. आधी किती होतं, किती महिन्यांत उतरलं, पाळी कधीपासून चुकतेय, चक्कर येते का, ओकारी काढली जाते का, हे न विचारताही सांगा. कुणाकडे जायचं तेच कळत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.