बंद केलेला दिवा

(गोव्यात फोंडा येथे शाळाशिक्षकांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शिक्षक बंधू-भगिनींनो,

मी 28 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातल्या एका सोमवारपासून सुरुवात करते. मधल्या सुट्टीत सातवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, काल घरी गॅसचा वास येत होता. आई शेजारी गेली होती. तुम्ही सांगितलंय ना, वास आला की दिवा लावायचा नाही? स्वयंपाकघरातला दिवा चालू होता, तो मी बंदसुद्धा केला. वीजही वाचली."

ती शाबासकीची वाट पाहत उभी होती आणि माझ्या पोटात गोळा आला. कळ दाबून दिवा लावताना जशी ठिणगी पडते, तशी बंद करतानाही पडते. वीजप्रवाह तुटतो त्या क्षणी बटणाच्या आत छोटासा लखलखाट होतो. घर वाचलं ते केवळ नशिबानं. मुलीनं मात्र मी शिकवलेल्या दोन्ही गोष्टी तंतोतंत पाळल्या होत्या. "गॅसचा वास आला तर दिवा लावू नका" हा सुरक्षेचा नियम आणि "नको असलेला दिवा बंद करा" हा पर्यावरणाचा नियम. एक मी विज्ञानाच्या तासाला सांगितला होता, दुसरा पर्यावरण दिनाच्या भाषणात. कारण मात्र दोन्हींचं सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून माझं शिकवणं बदललं. आज तुमच्यापुढे जे सांगणार आहे ते एवढंच आहे की सुरक्षा आणि पर्यावरण हे दोन वेगळे उपक्रम म्हणून शाळेत आणू नका. घोषवाक्यांच्या स्पर्धा भरवून त्यातलं एकही मुलांच्या अंगी लागत नाही. कारण कळलं की ज्या प्रसंगाचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, तिथेही मूल विचार करू शकतं.

गॅसचंच घ्या. सिलिंडरमध्ये प्रामुख्याने प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. त्यांना स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचं उग्र द्रव्य मुद्दाम मिसळलेलं असतं. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत साचतो. हवेच्या 100 भागांत त्याचे साधारण 2 भाग झाले की पेटायला एक ठिणगी पुरते. हे फळ्यावर लिहून मुलं विसरतात. म्हणून मी एक प्रयोग करायला लागले. काचेच्या उभट भांड्यात कमी-जास्त उंचीच्या तीन मेणबत्त्या लावायच्या. तळाशी खायचा सोडा घालायचा आणि कडेनं हळूच व्हिनेगर सोडायचं. आपल्याकडे माडाच्या सुरेचं व्हिनेगर कुठेही मिळतं, ते छान चालतं. फेस येतो, कार्बन डायॉक्साइड भांड्यात खालून भरत जातो आणि सगळ्यात बुटकी मेणबत्ती पहिली विझते. मग मधली. उंच सगळ्यात शेवटी. वर्ग श्वास रोखून बघतो. त्यानंतर मी एकच प्रश्न विचारायची. हा वायू विझवणारा आहे, पण पेट घेणारा असता आणि भांड्याच्या जागी तुमचं स्वयंपाकघर असतं, तर तो कुठे बसला असता?

पुढचं सगळं मुलंच सांगतात. दार उघडायचं, कारण तो खालून बाहेर वाहील. रेग्युलेटर बंद करायचा. बटणाला हातच लावायचा नाही, ना लावायला ना बंद करायला. पंख्याचंही बटण आलंच की, असं एक मुलगा आपणहून म्हणाला होता. बाहेर येऊन गॅसगळतीसाठीच्या 1906 या मदत क्रमांकावर फोन करायचा, एवढंच मला सांगावं लागायचं.

आता जरा घराबाहेर येऊ. 2018 च्या जानेवारीत चिखलीजवळ महामार्गावर अमोनियाचा टँकर उलटला, हे मुरगाव तालुक्यातल्या शिक्षकांना आठवत असेल. भर रात्री माणसांना घरं सोडून पळावं लागलं. ही बातमी मी दहावीच्या वर्गात वाचली. अमोनिया पाण्यात किती विरघळतो ते पाठ्यपुस्तकातल्या कारंज्याच्या प्रयोगामुळे मुलांना ठाऊक होतं. नेहमीच्या तापमानाला एक लिटर पाण्यात सुमारे 700 लिटर अमोनिया वायू मावतो. परीक्षेत दोन गुणांना येणारी ही माहिती. मी विचारलं, तुम्ही चिखलीत असता आणि डोळे चुरचुरायला लागले असते तर? थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, ओला टॉवेल तोंडाला." दुसरी म्हणाली, "आणि वारा कुठून येतो ते बघून आडवं पळायचं."

1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा वस्तीतल्या माणसांना एवढंही कुणी सांगितलेलं नव्हतं. ओल्या फडक्यानं सगळे वाचले असते असा दावा मी करत नाही. पण कारखान्याच्या भिंतीला लागून राहणाऱ्यांना आत काय साठवलंय हे माहीतच नव्हतं, ही गोष्ट मी कधी विसरू शकत नाही.

भोपाळची आणखी एक बाजू वर्गात यायला हवी. टाकीतून सुटलेला मिथाइल आयसोसायनेट हा कारखान्याचा अंतिम माल नव्हताच. कीटकनाशक करताना मधल्या टप्प्यावर लागणारं ते रसायन होतं, आणि त्याचा टनावारी साठा करून ठेवला होता. ट्रेव्हर क्लेट्झ नावाच्या ब्रिटिश रसायन अभियंत्याचं सांगणं असं की जे तुमच्याजवळ नाहीच, ते गळू शकत नाही. इंग्लंडमध्ये 1974 साली फ्लिक्सबरोच्या कारखान्यात स्फोट होऊन 28 माणसं गेली, त्यानंतरच्या काळात त्यांनी हा विचार हिरिरीनं मांडला. कुंपण, भोंगा, हातमोजे हे सगळं हवंच, पण आधी विचारा की हे घातक द्रव्य इतकं लागतंच कशाला? पुढे 1998 मध्ये पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची 12 तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलं कचरा मुळात होऊच न देण्याचं आणि बारावं अपघात टाळण्याचं. पर्यावरण आणि सुरक्षा एकाच यादीच्या दोन टोकांना आहेत, हे मला फार उशिरा कळलं. नोकरीच्या सुरुवातीला कळलं असतं तर किती बरं झालं असतं!

आपल्या शाळेत हे कुठून सुरू करायचं? प्रयोगशाळेच्या कपाटापासून. मी ते पूर्ण रिकामं केलं तेव्हा लेबल उडालेल्या बाटल्या निघाल्या, एका डब्यात तुटलेल्या थर्मामीटरचा पारा निघाला. वर्षाला जेमतेम दोन चमचे लागणारी रसायनं अर्धा-अर्धा किलो आणून ठेवली होती. त्यानंतर आम्ही प्रयोगच लहान केले. मोरचुदाच्या, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराच्या, द्रावणात लोखंड टाकून रंग बदलताना पाहायला परीक्षानळी भरायची गरज नाही. गोळ्यांचं रिकामं प्लॅस्टिकचं पाकीट घ्यायचं, त्याच्या एका खळग्यात ड्रॉपरनं दहा थेंब आणि छोटा खिळा. रंग तसाच उतरतो, तांबं तसंच चढतं. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचा प्रयोग येतो. सांडलं तर दहाच थेंब सांडतात. चष्मा तरीही घालायचाच, त्यात सवलत नाही.

आणि ते पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही. आपली बरीचशी जमीन जांभ्याची. चिऱ्याला किती भोकं असतात हे घर बांधताना सगळ्यांनी पाहिलंय. सिंकचं पाणी शोषखड्ड्यात जातं, तिथून चिऱ्यातून वाट काढत कुठे जातं? आमच्या शाळेची विहीर सिंकपासून चाळीस पावलांवर होती. मुलांनी पावलं मोजली, आणि दुसऱ्याच दिवशी वापरलेल्या द्रावणांसाठी झाकणाची बरणी कपाटात आली. मला सांगावं लागलं नाही. मोरचूद माशांना घातक असतो, हे मात्र मी सांगितलं होतं.

सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये पर्यावरण शिक्षण शाळांमध्ये सक्तीचं करायचा आदेश दिला. पुस्तकं आली, प्रकल्पवह्या आल्या. बाजारातून आयत्या विकत घेतलेल्या वह्यांबद्दल मी बोलत नाही, तुम्ही रोज बघता.

त्यापेक्षा मुलांना खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतात न्या. तिसवाडी, बार्देश, सालसेत, फोंडा, नदीकाठचं खाजन आपल्याला फार लांब नाही. बांधातली मानस, म्हणजे पाण्याची झडप दाखवा. लाकडी दारं नदीच्या बाजूला उघडणारी. भरती आली की बाहेरचं पाणी चढतं आणि दारांना दाबून बंद करतं. ओहोटीला आतलं पाणी वरचढ होतं, दारं ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, मोटार नाही, दर भरतीला कुणी हात लावायचा नाही. हृदयातल्या झडपेचा धडा शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. शेताचं रक्षण आणि शेत टिकवणं ही दोन कामं एकच दार करतं. बांध राखायला पूर्वी गावकरी ही गावाची सामाईक संस्था होती, खेकड्याचं भोक दिसलं की चिखल भरला जायचा. मुलांनी बांधावरून चालताना अशी भोकं मोजावीत. धोका कसा शोधायचा, याचा तो खरा सराव.

आमच्या शाळेजवळचा एक बांध फुटला आणि दुर्लक्षामुळे तसाच राहिला. खारं पाणी शेतात शिरलं. खारेपण सोसणारं कोरगुट भातसुद्धा तिथे उगवेना. मी नववीच्या मुलांना घेऊन गेले. आम्ही चरातलं 100 मिलिलिटर पाणी आणलं, गाळलं, पसरट ताटलीत जाळीखाली उन्हात आटवलं आणि राहिलेलं मीठ वजन केलं. समुद्राचं पाणी असतं तर साडेतीन ग्रॅम भरलं असतं. आमचं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त भरलं. मुलं गप्प झाली. त्यातल्या एकाच्या आजोबांचं ते शेत.

नंतर बांध दुरुस्त झाला. पुढच्या वर्षीच्या नववीनं त्याच चरातलं पाणी, त्याच महिन्यात, त्याच ताटलीत आटवलं. पावसानं मीठ धुऊन नेलं होतं, पण थोडंच. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी थोडं. मी निवृत्त झाले त्या वर्षी ताटलीत अगदी पुसट पांढरी कड राहिली होती आणि शेतात पुन्हा भाताचा तरवा लागला होता. नोंदींची ती वही मी घरी आणली नाही. तराजूशेजारी ठेवून आले. माझ्या जागी आलेल्या बाई दर वर्षी त्याच महिन्यात मुलांना घेऊन चरावर जातात, आणि आकडा मला फोन करून कळवतात.