टाचेला विचारून सूत काता

मंडळी, फाटलेला लोकरी मोजा हातात घेऊन बघा. भोक बहुधा टाचेला किंवा अंगठ्याच्या टोकाशी असतं, घोट्यावरचा भाग जवळजवळ नवा असतो. तरी लोकर निवडताना आपण ती गालाला लावून बघतो. गालाला मफलर लागतो. मोज्याचं सूत टाचेला विचारून काततात.

ज्या ठाण्यात १९२५ साली रेमंडची लोकरीची गिरणी सुरू झाली, तिथे लोकरीची ओळख करून द्यायला नको. पण सुटाचं कापड आणि मोजा यांच्या नशिबी येणारी झीज वेगळी. मोजा घामाने ओला असताना, अंगावर अख्ख्या माणसाचं वजन घेऊन, प्रत्येक पावलाला बुटाशी घासला जातो. त्यात दोन गोष्टी घडतात: तंतू तुटतात आणि तंतू सुतातून निसटतात. तुटण्यावर नायलॉन हा इलाज आहे. निसटण्यावर इलाज म्हणजे तंतूंची लांबी आणि पीळ. बहुतेक जण नायलॉनचे टक्के विचारतात आणि लांबी बघतच नाहीत.

आधी काय घ्यायचं ते. पाया म्हणून २१ ते २५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या तंतूंची, ७ ते ९ सेंटिमीटर लांबीची लोकर घ्या. १८ मायक्रॉनची मेरिनो मेंढीची लोकर हाताला लोण्यासारखी लागते, पण टाचेवर तिचा लवकर भुगा होतो. राजस्थानच्या चोकला मेंढीची लोकर थोडी जाड असते, ती ट्रेकच्या मोज्यांना चांगली. दख्खनी मेंढीच्या लोकरीबद्दल हमखास विचारणा होते: घोंगडी वर्षानुवर्षं टिकते, मग मोजा का नाही? घोंगडीचं टिकाऊपण घट्ट विणीत आणि चिंचोक्याच्या खळीत आहे. त्या लोकरीत ठिसूळ, पोकळ केस बरेच असतात. ते सुतातून गळतात आणि तळव्याला टोचतात. नायलॉनला पर्याय म्हणून ती वापरू नका. नायलॉन नकोच असेल तर २० ते २५ टक्के मोहेर, म्हणजे अंगोरा बकरीचे केस, घ्या.

नायलॉन १९३५ साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९४० साली अमेरिकेत त्याचे पायमोजेच विकायला आले, तेव्हा या धाग्याचं आणि पायाचं नातं जुनं आहे. आपल्याला मात्र लांब अखंड धागा नको, कापलेले तंतू हवेत, लोकरीइतक्याच लांबीचे आणि जाडीचे. ३ डेनियरचा (डेनियर हे तंतूच्या जाडीचं माप) नायलॉनचा तंतू सुमारे १९ मायक्रॉनचा असतो, तो लोकरीत मिसळून जातो.

तिसरा भिडू टसर, म्हणजे रानातलं रेशीम. आपल्याच भंडारा-गडचिरोलीचा टसर मजबूत असतो आणि पायाला थंड लागतो. पण त्याला लवचीकपणा कमी, म्हणून १० टक्क्यांवर जाऊ नका, नाहीतर मोजा घोट्यावरून खाली घसरेल. सरळ विंचरलेला टसर घ्या. आखूड तुकड्यांच्या उरलेल्या मालात गुठळ्या फार. बांबूच्या नावाने विकला जाणारा चमकदार तंतू बहुधा व्हिस्कोस, म्हणजे वनस्पतीच्या लगद्यापासून कारखान्यात काढलेला तंतू असतो. ओला झाला की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, आणि ठाण्याच्या हवेत बुटातला मोजा कोरडा कधी असतो?

आता लांबी. प्रत्येक मालाच्या टोकातून चिमूटभर तंतू ओढा आणि पट्टीवर ठेवा. लोकर ७ सेंटिमीटर आणि मोहेर १२ भरलं, तर कातताना लांब तंतू आधी निघून जातात, आखूड मागे राहतात. सुताचा एक पट्टा गुळगुळीत, दुसरा भुसभुशीत होतो. यावर उपाय साधा: लांब तंतू पिंजण्याआधी कात्रीने ८ सेंटिमीटरचे करा. लोकर कच्ची असेल तर तिची एक बट दोन्ही टोकांना धरून कानाजवळ झटका द्या. टणकन वाजली तर बरी. कुरकुरली तर ती मधेच कमकुवत आहे, मग कितीही नायलॉन घाला.

प्रौढ माणसाच्या जोडीला ७० ते ९० ग्रॅम सूत लागतं. पिंजताना-कातताना थोडं वाया जातं आणि रफूला उरायला हवं, म्हणून ११० ग्रॅम माल घ्या: लोकर ७७, नायलॉन २२, टसर ११. तिन्ही माल रात्रभर एकाच खोलीत उघडे ठेवून एकाच बैठकीत तोला. लोकर हवेतलं पाणी भरपूर पिते, नायलॉन फारसं पीत नाही. एका मोज्याचा माल मे महिन्यात तोलला आणि दुसऱ्याचा जुलैत, तर दोन्हींचं प्रमाण वेगळं निघेल. एसीच्या खोलीत उलट त्रास, नायलॉन उडून हाताला चिकटतं. अशा वेळी आदल्या रात्री मालावर पाण्याचा हलका फवारा मारून ठेवा.

मिसळताना सगळा माल चादरीवर थराथराने पसरा. खाली निम्मी लोकर, त्यावर नायलॉन जाळीसारखं विरळ, मग टसर, वर उरलेली लोकर. आता बाजूने उभी मूठ ओढायची. अळूवडीच्या प्रत्येक कापात जसे सगळे थर येतात, तसे प्रत्येक मुठीत तिन्ही तंतू यायला हवेत. एका वेळी हातपिंजणीवर दोन-अडीच ग्रॅमच घ्या. पहिली पिंजण झाली की सगळा माल पुन्हा एकत्र पसरा, पुन्हा उभ्या मुठी काढा, पुन्हा पिंजा. दोन फेऱ्या पुरतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीत रंग एकजीव दिसतो खरा, पण तंतू तुटून बारीक गाठी पडतात. ड्रमची पिंजणी असेल तर नायलॉन एकटं कधी भरू नका, ते दातांत खोल जाऊन बसतं.

इथे कापूस कातलेल्यांची एक सवय आड येते. पिंजून झालं की हात आपोआप पेळू, म्हणजे तंतूंची गुंडाळी, वळतो. पेळूत तंतू वेटोळ्यात बसतात, सूत हवा धरून फुगतं. शालीला छान, टाचेला नाही. मोज्यासाठी तंतू समांतर हवेत. पिंजलेला थर न वळता उचला आणि तंतूंच्या टोकाकडून कातायला घ्या. पुढचा हात चिमटीत पीळ अडवून धरतो, मागचा हात तंतू सोडतो, आणि चिमूट सुतावरून सरकत केस बसवत जाते. हे सावकाश होतं. घाई करून लांब ओढ घेतली की पीळ मोकळ्या तंतूंत शिरतो आणि सूत पुन्हा फुगतं.

एकेरी सुताला इंचाला १२ च्या आसपास पीळ द्या. मग तीन पदर उलट्या दिशेने इंचाला ८ ते ९ पिळांत एकत्र करा. दोन पदरी सुताला उंचवटे येतात आणि बूट तेच उंचवटे आधी घासतो. तीन पदरी सूत गोल बसतं. जाडीचा अंदाज असा: तयार सूत पट्टीवर न ताणता गुंडाळलं तर इंचात १६ ते १८ वेढे बसावेत. लडी सुटी धरल्यावर तिला थोडी वळी पडली तर घाबरू नका, मोज्याला जरा जास्तच पीळ चालतो. पण सुतळीसारखं कडक लागलं तर तळव्यावर टाके उमटतील, तेव्हा पीळ एक-दोनने कमी करा. लडी कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, टॉवेलमध्ये दाबा आणि वजन न लटकवता वाळवा.

सगळा माल मिसळण्याआधी १० ग्रॅमचा नमुना काता. २.२५ मिलिमीटरच्या सुयांवर इंचाला ८ टाके पडतील असा तळहाताएवढा तुकडा विणा, तसाच एक नुसत्या लोकरीचा. दोन्ही ओले करा आणि भांड्यांच्या हिरव्या घासणीने दोनशे-दोनशे वेळा घासून उजेडात धरा. मिश्रणाचा तुकडा आधी विरळ झाला तर दोष प्रमाणात शोधू नका, पीळ मोजा. गोळे धरले आणि ते गळतही नसतील, तर आखूड तंतू राहिलेत. नायलॉनच्या ताकदीमुळे ते गोळे सुताला लटकून राहतात.

रफूसाठी उरलेलं सूत पुठ्ठ्यावर गुंडाळण्याआधी मोज्यांबरोबरच एकदा धुऊन घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात रफू आकसून टाच ओढली जाते.