पुलाच्या तोंडाशी बसणारा धक्का

(एस.टी.ची मागची सीट. समोर रस्ता. कॅमेरा एकदम उसळतो.)

हा धक्का प्रवाशांना पाठ आहे. नदीची झाडी दिसली की माणूस आपसूक पुढच्या सीटचा दांडा धरतो. धप्प! मग पूल गुळगुळीत. आणि पूल संपला की पुन्हा धप्प.

आपण शिव्या घालतो पुलाला. पूल बिचारा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. खचलेला असतो तो भराव.

(पुलाखाली. पात्र कोरडं.)

परभणी जिल्ह्यातला हा साधा पूल. वरचा रस्ता मातीच्या ज्या उंचवट्यावरून येतो तो भराव. आणि तो जिथं थांबतो तिथली ही उभी काँक्रीटची भिंत म्हणजे अबटमेंट. पुलाचं टोक हिच्या डोक्यावर टेकलंय आणि अख्खा भराव हिच्या पाठीवर रेललाय.

माती सरळ उभी राहत नाही, ती पाय पसरते. भराव एक मीटरनं उंच करायचा तर दोन्ही अंगांना साधारण दोन-दोन मीटर उतार सोडावा लागतो. म्हणजे ६ मीटर उंच भरावाचा पायथा माथ्यापेक्षा २४ मीटरनं रुंद. ‘रस्ता एवढासा, मग आमची जमीन एवढी कशाला घेता?’ असं शेतकरी विचारतो, त्याचं बरंचसं उत्तर या उतारात आहे. पण हाच पाय ओढ्यात पसरू दिला तर पाणी जाणार कुठून? म्हणून तिथं भिंत घालून मातीला उभंच अडवायचं.

(भिंतीतली भोकं, जवळून. एकातून ओलीचा ओघळ.)

ही भोकं पाणी निचरायला ठेवलेली. मागची माती भिजली आणि पाणी तिथंच साठलं, तर मातीच्या रेट्यात पाण्याचा दाब मिसळतो आणि भिंत पुढं ढकलली जाते. त्यात आपली काळी माती. भिजली की फुगते, उन्हाळ्यात वाळली की पाय अडकेल एवढ्या भेगा. भिंतीच्या पाठीशी ती चालत नाही. तिथं मुरूम, वाळू, दगडगोटे असं पाणी सोडून देणारं सामान हवं.

(पैठण. धरणाचा माथा, नजर पोचेल तिथवर.)

गंमत अशी की रस्त्यानं नाकारलेली ही काळी माती धरणाला हवी असते. महाराष्ट्रातल्या मातीच्या धरणांत पोटात ती घालतात, कारण ती पाणी सहजी पुढं जाऊ देत नाही. वरून मुरमाचं कवच.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली, उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी. २७ दरवाजांचा सांडवा सोडला तर बाकी बहुतेक सगळा मातीचा भराव. उंची ४१ मीटरच्या आसपास, लांबी मात्र सुमारे १० किलोमीटर! धरणाच्या बाबतीत अबटमेंट म्हणजे बांधलेली भिंत नसते. धरणाची दोन टोकं काठाच्या ज्या चढाला जाऊन भिडतात, तो चढच अबटमेंट. सह्याद्रीत दोन्ही बाजूंना डोंगर हाताशी असतो. इथं गोदाकाठ सपाट, त्यामुळं टेकायला उंच जमीन मिळेपर्यंत भरावाला चालतच राहावं लागलं.

(पुन्हा रस्ता. नव्या पुलाचं काम सुरू.)

आता त्या धक्क्याकडे. अबटमेंटचा पाया खोल, खडकापर्यंत किंवा घट्ट थरापर्यंत नेलेला. ते फारसं बसत नाही. भराव मात्र स्वतःच्या आणि वाहनांच्या वजनानं वर्षानुवर्षं थोडाथोडा बसत राहतो. दोघांच्या सांध्यावर पायरी तयार होते. ती जाणवू नये म्हणून भिंतीपासून भरावावर काही मीटरचा काँक्रीटचा स्लॅब टाकतात. पण खालची दबाईच कच्ची असेल तर तो तरी काय करणार?

आणि दबाई कच्ची राहते ती नेमकी इथं, भिंतीलगत. बाकी भरावावर वीस-पंचवीस सेंटिमीटरचा थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. भिंतीजवळ मोठा रोलर येत नाही.

“इथवरच येतो बघा. पुढं नेला तर भिंतीला लागंल,” रोलरवाला सांगतो.

उरलेल्या त्या पट्टीत एक जण हातानं ढकलायचं छोटं दाबयंत्र चालवतोय. इथं थर आणखी पातळ हवा. तो थांबतो, यंत्र बंद करतो आणि रस्त्याकडे बघतो. पाण्याचा टँकर सकाळपासून आलेला नाही.