काय काढलं, काय घातलं, ते सांगा

नमस्कार श्रोतेहो.

मृग निघाला की आपल्याकडं घराघरांतली अवजारं अंगणात येतात. पॉवर टिलर, औषधाचा पंप, कडबा कुट्टी, मोटारीचं सामान. आणि त्यांच्या मागोमाग फजितीही येतात. कुणाचा टिलर रोपाच्या वाफ्यात रुतून बसतो. कुणी डिझेलच्या इंजिनात पेट्रोल ओततो. कुणी जाम झालेल्या नटाला पाना लावतो, पान्याला लांब पाईप घालतो, सगळं वजन टाकतो आणि शेवटी बोल्टच तोडून हातात घेतो. अशा चुका होणारच. माती, लोखंड, वीज, पाणी यांच्याशी रोज काम करणाऱ्याच्या हातून त्या होतातच. आज मला बोलायचंय ते चूक झाल्यानंतरच्या पुढच्या तासाभराबद्दल.

माझं माहेर मार्कंडेय नदीच्या काठचं, मिरची, कोबी आणि उसाचं. सासर बेळगावातलं, उद्यमबागेत लेथ आणि ड्रिलिंगचं काम करणारं. दोन्हीकडचं बघत आले. दोन्हीकडं नुकसान होतं ते चुकीनं थोडं आणि गप्प बसण्यानं जास्त. म्हणून आजच्या बोलण्यात एक वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. काय काढलं, काय घातलं, ते सांगा.

वर्कशॉपमधलं एक उदाहरण देते. एका नव्या पोराच्या हातून टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, तुटला आणि अर्धा तुकडा भोकातच अडकला. टॅप कुणाच्याही हातून तुटतो, जुन्या मिस्त्रींच्याही तुटतो. पण मालक ओरडेल म्हणून पोरानं त्या भोकात ग्रीस भरलं आणि तो जॉब तयार मालाच्या ढिगात सरकवला. पुढच्या माणसानं त्याच भोकात ड्रिल घातलं. टॅपचं पोलाद कडक असतं, ड्रिल त्यावर फुटलं आणि त्याचा कपचा त्या माणसाच्या गालाला लागला. डोळा थोडक्यात वाचला. तुटलेल्या टॅपची किंमत काही शेकड्यांत असते. डोळ्याची किंमत कोण करणार? त्या पोराला दोष देऊन भागत नाही. जिथं चूक सांगणाऱ्याला शिव्या मिळतात तिथं पोरं चुका लपवायला शिकतात, हे प्रत्येक मालकानं आणि मिस्त्रीनं ध्यानात घ्यायला हवं.

आता माझ्या माहेरची गोष्ट. आण्णा माझे सख्खे चुलते. मोटारीचं काहीही बिघडलं की अर्धा गाव आधी आण्णांकडं यायचं, मग मिस्त्रीकडं. उन्हाळ्याचे दिवस होते. विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटार, खाली मिरची, पलीकडं ऊस. जुना पत्र्याचा खोपा गळायचा, म्हणून आण्णांनी विहिरीच्या कडेला सिमेंटच्या ब्लॉकची छोटी खोली बांधून घेतली होती.

सकाळी थ्री फेज वीज आली. आण्णांनी स्टार्टरचं, म्हणजे मोटार चालू-बंद करायच्या पेटीचं, बटण दाबलं. मोटार फिरली, आवाज नेहमीचा, पण पाईपच्या तोंडाशी बघतो तर करंगळीएवढी धार. आण्णांनी मोटार बंद केली, पाणी भरून एअर काढली, पुन्हा चालू केली. तीच धार. मला अजून त्यांचं ते वाक्य ऐकू येतं, “मोटार फिरूलालीय, आवाज बी बरोबर हाय, पाणी तेवढं येईना झालंय.”

मग माणसं जमली. कुणी म्हणालं, फुटवाल, म्हणजे विहिरीतल्या पाईपच्या तळाची झडप, चोंदला असणार. माझा चुलत भाऊ कमरेला दोर बांधून विहिरीत उतरला. चौघांनी वरून ओढून सक्शनचा पाईप बाहेर काढला. फुटवाल उघडला, धुतला. आत दोन पानं आणि थोडं शेवाळ. एवढ्यानं पाणी अडत नाही, पण सगळ्यांना वाटलं, सापडलं. पाईप परत सोडला, जोड आवळले, पाणी भरलं, बटण दाबलं. तीच धार.

कुणी म्हणालं, ग्लँडमधून, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवतीच्या सांध्यातून, हवा ओढतोय. ग्लँडची दोरी बदलली. तीच धार. मग पंपच खोलला. आतला पंखा बाहेर काढून उन्हात धरून बघितला, धड होता. भावाचे दोन्ही कोपर विहिरीच्या दगडाला घासून सोलवटले होते. जेवायची वेळ टळून गेली होती. शेवटी उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींना फोन केला. ते बाजारातली दोन कामं टाकून मोटारसायकलवर आले.

ते मिस्त्री कन्नड बोलणारे. आपल्याकडं वर्कशॉपात एक वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं, कुणाला त्याचं काही वाटत नाही. मला तर ते फार आवडतं. कामाच्या ठिकाणी भाषेवरून कुणाचं अडलेलं मी कधी बघितलं नाही, आणि भांडणं बाहेरची माणसं आणतात असं माझं स्पष्ट मत आहे. असो. मिस्त्रींनी गाडी लावली आणि हत्यारांची पिशवी उघडायच्याही आधी आण्णांना विचारलं, “एन बदल माडीरी?” काय बदललंत?

आण्णा म्हणाले, “एनू इल्ला.” काही नाही.

इथं थांबा, श्रोतेहो. सगळी गोष्ट या दोन शब्दांत आहे. मिस्त्रींनी पहिला प्रश्न बरोबर विचारला होता. काल चालणारं यंत्र आज चालत नाही, तर मधे काय घडलं? चांगला मिस्त्री आधी हेच विचारतो. आणि आण्णांसारख्या जाणत्या माणसानं नाही म्हटल्यावर त्यांनी विश्वास ठेवला. मग त्यांनीही तेच चक्र सुरू केलं. पाईप, फुटवाल, ग्लँड, पंप.

ऊन उतरायला लागलं तेव्हा काकू चहाची किटली घेऊन आली. सकाळपासून ती घर आणि मळा अशा फेऱ्या घालत होती. चहा ओतता ओतता तिनं आण्णांकडं बघितलं. आण्णांनी मान खाली घातली. चहाचा कप मिस्त्रींच्या हातात देऊन काकू म्हणाली, “बाळ, काल राती ह्यांनी स्टार्टर पत्र्यातनं काढून हितं नव्या खोलीत आणलाय. वायरी ह्यांनीच जोडल्यात. बॅटरी मी धरली होती.”

कुणी काही बोललं नाही. मिस्त्रींनी कप खाली ठेवला. खोलीत जाऊन मेनचं किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढलं, टेस्टर लावून बघितला, स्टार्टरचं झाकण उघडलं. तिन्ही वायरी एकाच रंगाच्या. आण्णांनी घरात उरलेली काळी वायर वापरली होती. मिस्त्रींनी तिघींतल्या दोघींची जागा बदलली. झाकण लावलं. किटकॅट घातलं. बटण दाबलं.

पाणी असं आलं म्हणता! दिवसभर खोलून-लावून डिलिव्हरीच्या जोडाला चारातले दोनच बोल्ट राहिले होते, तेही हातानं फिरवलेले. जोडाच्या फटीतून पाणी उडालं आणि जवळ बसलेल्या आण्णांना डोक्यापासून पायापर्यंत भिजवून गेलं. भाऊ भिजला, मिस्त्री भिजले, चहाची किटली वाहून सरीत गेली. आधी भाऊ हसला. त्याचे कोपर सोललेले होते, त्याला रागवायचा पूर्ण हक्क होता, पण तोच आधी हसला. मग सगळे हसले. आण्णा सगळ्यांत शेवटी.

पण त्या हसण्यानं नुकसान झाकलं जात नाही. थ्री फेज जायला थोडाच वेळ राहिला होता. मिरचीच्या जेमतेम काही सऱ्या भिजल्या. फुलावर आलेलं झाड तहानलं की फुलं टाकतं, आणि त्या तोड्याला आण्णांची मिरची कमी निघाली.

काकूला मी नंतर विचारलं, सकाळीच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, “चारचौघांत त्यांस्नी खोटं कसं पाडू? दुपारी जेवताना मी बोलले की. ते म्हणाले, त्याचा ह्याचा काय संबंध!” आणि आण्णांना खरंच तसं वाटलं असेल. स्टार्टर हलवला, मोटार तर फिरते आहे, मग संबंध काय? संबंध होता. थ्री फेजच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल झाल्या की मोटार उलटी फिरते. उलटी फिरली तरी आवाज जवळपास तोच येतो. आणि पंप उलटा फिरला म्हणजे पाणी उलटं जात नाही, येतं पुढंच, पण जोर नसतो, धार बारीक येते. म्हणून पंपाच्या अंगावर ओतीव बाण असतो, कुठल्या बाजूला फिरायला हवं ते दाखवणारा. त्या दिवशी बाणाकडं कुणी बघितलं नाही, कारण काहीच बदललेलं नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. पुन्हा सांगते. काय काढलं, काय घातलं, ते सांगा. संबंध आहे की नाही ते मिस्त्री ठरवेल.

आण्णांबद्दल मला आदर आहे, आणि तो त्या दिवसानंतर वाढला. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध घालायला डेअरीवर गेले तेव्हा कुणी विचारायच्या आधी त्यांनीच सगळी हकीकत सांगितली, काळ्या वायरीसकट. मग घरी येऊन लाल, पिवळी, निळी टेप आणली आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना गुंडाळली. आमच्या भागात अजून कुणाची मोटार कमी पाणी देऊ लागली की आधी विचारतात, “आण्णांचं झालंय काय बघा.” आणि आण्णा तिथं बसलेले असतात, मान डोलावतात.

यावरून मला आणखी एक म्हणायचं आहे, विषय थोडा बाजूला गेला तरी. आपल्या बायका मिरची तोडतात, भांगलतात, जनावरं बघतात, रात्री-अपरात्री बॅटरी धरून उभ्या राहतात. मग त्यांना स्टार्टर का शिकवत नाही? काकूला त्या तीन वायरींचं कुणी एकदा सांगितलं असतं तर सकाळीच काम झालं असतं. मुलींच्या हातात टेस्टर आणि पाना द्या. किटकॅट काढल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे त्यांना सांगा, आणि मुलांनाही सांगा. लग्नात भांडी देण्यापेक्षा हे शिकवलेलं जन्मभर उपयोगी पडेल असं माझं मत आहे.

वेळ कमी आहे, तेव्हा बाकीचं भराभर सांगते.

ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं. ते फुटतं, अडचण होते, कुणीतरी काढून ठेवतो आणि बोलत नाही. दुसरा माणूस मळणीला येतो, गळ्यात टॉवेल असतो. हा शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. टॉवेल, पदर, ओढणी अडकली तर हात मागं घ्यायलाही वेळ मिळत नाही. कव्हर काढलं असेल तर सांगा, आणि नवं बसेपर्यंत ट्रॅक्टर जोडू नका. लेथ आणि ड्रिलवर हातमोजे घालू नका, हेही त्यातलंच. नव्या पोरांना वाटतं मोज्यानं हात वाचतो. फिरणाऱ्या यंत्रात मोजा अडकला की हात आत जातो. आणि ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावणाऱ्या ड्रायव्हर भावांना माझी हात जोडून विनंती आहे. मागून ओरडणारा माणूस तुम्हाला ऐकू यायला हवा, आणि ट्रॉलीला मागं लाल रिफ्लेक्टर हवेत.

नट उघडत नसेल तर पाईप लावायच्या आधी आटे कुठले आहेत ते बघा. बेंच ग्राइंडरच्या डाव्या चाकाचा नट उलट्या आट्याचा असतो. सायकलचं डावं पेडल तसंच, गॅस कटिंगच्या जळणाऱ्या गॅसच्या सिलिंडरचा रेग्युलेटरही तसाच. जोर लावाल तितका घट्ट होईल.

शेवटी औषधाचा पंप, कारण हे दिवस त्याचेच आहेत. उसात रुंद पानांच्या तणाला टू-फोर-डी नावाचं तणनाशक मारतात. तोच पंप शेजारी मागून नेतो आणि टोमॅटोवर, वांग्यावर किंवा मिरचीवर कीटकनाशक मारतो. काही दिवसांत शेंडे पिळवटतात, पानं दोरीसारखी होतात. सगळे म्हणतात व्हायरस आला, आणि व्हायरसच्या नावानं दुकानातून आणखी औषधं येतात. पंप देणाऱ्याच्या मनात शंका येते, पण तो बोलत नाही, कारण शेजाऱ्याचं पीक गेलं तर तोंड कसं दाखवायचं? बोला. पंप देतानाच सांगा, यातून तणनाशक मारलंय. साध्या पाण्यानं एकदा विसळून ते जात नाही. रबरी नळीत, नोझलमध्ये, टाकीच्या झाकणाच्या वायसरमध्ये ते राहतं, आणि भाजीपाल्याला त्याचा थेंबही पुरतो. सगळ्यात चांगलं म्हणजे तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. टाकीवर लाल रंगानं मोठ्या अक्षरांत ‘तणनाशक’ लिहा, मराठीत लिहा आणि कन्नडमध्येही लिहा, म्हणजे मागायला येणारा कुणीही असला तरी वाचेल. वेगळा पंप घेणं जमत नसेल तर धुण्याच्या सोड्याचं पाणी टाकीत भरा, नोझलमधून थोडं सोडा, रात्रभर तसंच ठेवा, आणि सकाळी स्वच्छ पाण्यानं तीनदा धुवा. ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका.

नमस्कार.